बेटांची शहरे आणि आपले शिवार

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात या सदरात लहान बेटराष्ट्रांच्या नगररचनेवर एक टिपण दिले होते. जमीन अपुरी, गोडे पाणी तुटपुंजे आणि चारी बाजूंना समुद्र अशा स्थितीत ही राष्ट्रे शहरे कशी वसवतात, हा त्याचा विषय होता. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली. बहुतेक पत्रांचा सूर एकच होता, की हे सारे वाचताना आपलाच नाला, आपलीच विहीर डोळ्यांसमोर येते. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. ‘लहान विकसनशील बेटराष्ट्रे’ असा वेगळा गट करण्याचे कारण काय? आणि समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांच्या शहरांचा अभ्यास का करावा?
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : 1992 मध्ये रिओ येथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेत या देशांच्या अडचणी इतर विकसनशील देशांपेक्षा वेगळ्या आहेत, हे प्रथम औपचारिकपणे मान्य झाले. 1994 मध्ये बार्बाडोस येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र कृती कार्यक्रम ठरला, पुढे 2014 मध्ये सामोआ येथे आणि 2024 मध्ये अँटिग्वा व बार्बुडा येथे त्याची नव्याने आखणी झाली. परीक्षेसाठी ही चार वर्षे लक्षात ठेवावीत. मात्र या गटातील सगळे देश सारखे आहेत असे समजू नये. मालदीव आणि तुवालू ही प्रवाळाची सखल बेटे आहेत, तर मॉरिशस आणि डॉमिनिका ही ज्वालामुखीतून निर्माण झालेली डोंगराळ बेटे आहेत. सिंगापूर श्रीमंत असूनही याच यादीत मोडते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उंचीत शोधू नये. बेटावरच्या शहराला आपली चूक ढकलायला शेजारचे शिवार नसते. कचरा, सांडपाणी, बुजवलेला ओढा, चुकीच्या जागी उभारलेली वसाहत यांचा परिणाम त्याच गल्लीत, त्याच पिढीला भोगावा लागतो. आपल्याकडे तो परिणाम चार किलोमीटर पुढे, दुसऱ्याच्या बांधावर दिसतो, आणि म्हणून शहराला तो दिसत नाही. कारण आणि परिणाम एकाच नजरेत यावेत, यासाठी बेटांचा अभ्यास करावा.

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांपासून मालेमध्ये बांधकामावर सुपरवायझर आहे. तिथे प्यायचे पाणी समुद्राचे असते आणि समुद्रात भर घालून नवीन शहर केले आहे, असे तो सांगतो. हे खरे का? आणि ते सुरक्षित आहे का?
— एक आई, निपाणी

उत्तर : ताई, मुलगा सांगतो ते खरे आहे. मालदीवची राजधानी असलेले माले हे मूळ बेट जेमतेम 2 चौरस किलोमीटरचे. मालदीवच्या सुमारे 5 लाख लोकसंख्येपैकी 2 लाखांहून अधिक लोक माले आणि तिला जोडलेल्या बेटांवर राहतात. पूर्वी तिथेही विहिरीच होत्या. प्रवाळाच्या भुसभुशीत जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, रश्श्यावर तर्री तरंगावी तसे. वस्ती वाढली तसा उपसा वाढला, शौचालयांचे पाणी त्याच थरात झिरपले आणि 1978 मध्ये देशात कॉलऱ्याची मोठी साथ आली. पुढे समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र आले आणि आज संपूर्ण माले त्यावरच जगते.

या सोयीची दुसरी बाजू डिसेंबर 2014 मध्ये दिसली. त्या केंद्रात आग लागली आणि एका दिवसात राजधानीचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचवले. एकाच यंत्रावर, आणि तेही बाहेरून आणलेल्या डिझेलच्या विजेवर, शहराची तहान टांगून ठेवली तर काय होते, हे तेव्हा जगाने पाहिले. घरोघरी पावसाचे पाणी साठवण्याची जुनी रीत राजधानीत मागे पडली होती, हे मला त्या घटनेतील सर्वांत दुःखद वाटते.

नव्या शहराचे नाव हुलहुमाले. 1997 मध्ये खाडीच्या तळाची वाळू उपसून भर घालण्यास सुरुवात झाली. जमिनीची पातळी समुद्रापेक्षा सुमारे 2 मीटर उंच ठेवली आहे, म्हणजे देशाच्या बहुतांश जमिनीपेक्षा अधिक, कारण मालदीवची 80 टक्क्यांहून जास्त जमीन समुद्रसपाटीपासून 1 मीटरच्या आत आहे. 2018 मध्ये पूल झाला आणि माले, विमानतळ व हुलहुमाले रस्त्याने जोडले गेले. त्यामुळे राहण्याच्या दृष्टीने आपला मुलगा आजच्या घडीला तुलनेने सुरक्षित जागी आहे, एवढे निश्चित सांगता येते.

परंतु भर घालताना उपसलेली वाळू पाण्यात पसरते आणि आसपासच्या प्रवाळावर बसते. ते प्रवाळच लाटेचा बहुतांश जोर किनाऱ्याआधी मोडत असते. 1987 मध्ये मोठ्या लाटा मालेत शिरल्या, त्यानंतर जपानच्या मदतीने शहराभोवती भिंत उभारण्यात आली आणि 2004 च्या त्सुनामीत त्या भिंतीने मालेची बरीच हानी टाळली. पण काँक्रीटची भिंत स्वतः वाढत नाही. जिवंत प्रवाळ वाढते आणि त्याच्या तुटलेल्या कणांतून बेटाला नवी वाळू मिळत राहते. संशोधकांनी तुवालूच्या बेटांची चार दशकांची छायाचित्रे तपासली तेव्हा एकूण जमीन घटली नसून सुमारे 3 टक्क्यांनी वाढली, असे आढळले. अर्थात काही बेटे वाढली, काही झिजली, म्हणजे बेटे जागा बदलत होती. घरांना आणि रस्त्यांना तशी जागा बदलता येत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून ‘भर घालावी की नाही’ यापेक्षा ‘प्रवाळ कुठे राखायचे आणि भर कुठे घालायची’ हा प्रश्न त्या देशांना आधी सोडवावा लागतो.

प्रश्न : आमची जमीन बळ्ळारी नाल्याच्या काठावर आहे. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेले भात वर आले की जुलैत नाल्याचे पाणी शिरते, आठ-आठ दिवस उतरत नाही आणि पीक कुजते. दुबार लावणी करावी तर रोप कुठून आणायचे? नाला काँक्रीटने बांधून काढावा, अशी मागणी काही जण करतात. आपले मत काय?
— एक शेतकरी, वडगाव

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. मागील पावसाळ्यात मी स्वतः त्या बाजूला गेलो होतो. लहान पुलाच्या तोंडाशी जलपर्णीचा हिरवा थर दाटला होता, त्यात थर्मोकोलचे तुकडे, नारळाच्या करवंट्या आणि एक तुटकी प्लास्टिकची खुर्ची अडकली होती. पुलाच्या वरच्या अंगाला भाताचे फक्त शेंडे पाण्याबाहेर दिसत होते आणि खालच्या अंगाला नाल्यात गुडघाभरही पाणी नव्हते. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला होता. बुडाले ते शेत पुलाच्या तोंडामुळे बुडाले.

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई ही डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राला टेकून वसलेली आहे. (आपल्या कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, हे अनेकांना ठाऊक असेल.) 30 मार्च 2013 रोजी तिथे दोन तासांच्या आत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस पडला. डोंगरातून येणारा ओहोळ शहरात बांधीव पात्रातून वाहतो. त्यात गाळ आणि कचरा अडकला, पाणी रस्त्यावर आले आणि 11 जणांचा बळी गेला. त्यांतील काही जण पादचाऱ्यांच्या भुयारी मार्गात आणि तळघरातील वाहनतळात अडकले होते. त्यानंतर, 2017 मध्ये, पावसाच्या पाण्याचा निचरा पाहण्यासाठी तिथे कायद्याने स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तरीही जानेवारी 2024 च्या चक्रीवादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी तरंगल्या. प्राधिकरण स्थापन होईपर्यंत उतारावर जी बांधकामे होऊन गेली, ती पाण्याच्या वाटेतून उठवणे कोणालाही सोपे नसते.

उसाचाही संबंध येथे येतो. युरोपातील हमीभावाची व्यवस्था संपल्यावर मॉरिशसमध्ये ऊस परवडेनासा झाला आणि 2015 पासून तिथेही ‘स्मार्ट सिटी’ नावाची योजना आली, जिच्यात उसाच्या जमिनींवर नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. आपले बेळगाव जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत निवडले गेले. नाव एकच असले तरी योजना वेगळ्या आहेत, पण एक गोष्ट दोन्हीकडे लागू पडते. शेताचे मोकळे वावर पाऊस पिते, फरशी, डांबर आणि पत्रा तो लगेच खाली सोडून देतात. शहरात एक नवी वसाहत झाली, की नाल्याची रुंदी तीच राहून त्याच्यात येणारे पाणी वाढते, आणि पूर्वी रात्रभरात हळूहळू उतरणारे पाणी आता एका तासात येते.

आता काँक्रीटविषयी. सिंगापूरने ही वाट आधी चालून पाहिली आहे. बिशान येथील बागेच्या कडेने कल्लांग नदी अनेक वर्षे सरळ काँक्रीटच्या कालव्यातून वाहत होती. तो 2.7 किलोमीटरचा कालवा फोडून त्याच जागी 3.2 किलोमीटरची वळणावळणाची नदी करण्यात आली आणि 2012 मध्ये ती बाग खुली झाली. कोरड्या दिवसांत तिथे मुले पाण्यात खेळतात आणि मोठ्या पावसात नदी बागेत पसरून 100 मीटरपर्यंत रुंद होते. पाण्याला पसरायला जागा आधीच राखून ठेवली आहे, म्हणून ते वस्तीत शिरत नाही. काँक्रीटच्या कालव्यात पाणी वेगाने जाते हे खरे, पण ते वेगाने पुढच्या गावच्या शेतकऱ्याच्या अंगावर जाते. आपल्या वडगावची सुटका होईल आणि खालच्या गावाचे भात बुडेल.

सिंगापूरची दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तिथे पावसाचे पाणी आणि मैला यांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या आहेत. देशाच्या सुमारे दोन तृतीयांश जमिनीवर पडणारा पाऊस 17 जलाशयांत साठवून पिण्यासाठी वापरला जातो. ज्या गटारातून पिण्याचे पाणी जाणार आहे, त्यात कोणी मैला सोडू देत नाही. आपल्या नाल्यात सांडपाणी मिसळते, त्यावर जलपर्णी पोसते आणि तीच पुलाचे तोंड बंद करते. म्हणून माझे मत असे, की काँक्रीटच्या मागणीआधी तीन मागण्या लेखी कराव्यात : मेअखेर गाळ आणि जलपर्णी काढावी, प्रत्येक पुलाचे आणि रस्त्याच्या भरावातील मोऱ्यांचे तोंड आजच्या पाण्याच्या हिशेबाने मोजून रुंद करावे, आणि नाल्याच्या पूररेषेतील जमिनीला बिनशेती परवाना देऊ नये. शेवटची मागणी आपल्यातील काही जमीनमालकांनाही आवडणार नाही, कारण गुंठ्याला मिळणारा भाव त्यांना दिसतो. ते मला समजते. परंतु पूररेषेत एक इमारत झाली, की तिला वाचवण्यासाठी भराव पडतो आणि तो भराव शेजारच्या चार शेतांना बुडवतो. ज्या शेतांनी पुराचे पाणी अंगावर घेऊन शहर वाचवले, त्यांना वार्षिक भरपाई मिळावी, असे मला मनापासून वाटते. ते शेत बासमती पिकवते, तसेच ते शहराची सेवाही करत असते.

प्रश्न : आमच्या शहापुरातील जुन्या घरात आड आहे. घर पाडून अपार्टमेंट होणार आहे आणि बिल्डर म्हणतो की आड बुजवल्याशिवाय पार्किंग बसत नाही. नळाला पाणी येते, मग आड ठेवून उपयोग काय, असे मुलेही विचारतात.
— एक गृहिणी, शहापूर

उत्तर : आड बुजवू नये. आमच्या गल्लीतही एक आड होता. रहाटाची करकर पहाटे ऐकू आली की घरात उठाउठ होत असे. पुढे शेजारच्या शौचालयाच्या टाकीचे पाणी त्यात उतरले, पाण्याला वास येऊ लागला आणि दुरुस्ती करण्याऐवजी तो दगडमातीने भरला गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेली आणि नळ आठवड्यातून एकदा येऊ लागला, तेव्हा टँकरसमोर उभे राहून सर्वांना तो आड आठवला.

बार्बाडोस हे चुनखडीचे बेट आहे आणि त्याचे बहुतेक सारे पिण्याचे पाणी जमिनीखालून येते. त्या देशाने 1963 मध्येच सार्वजनिक विहिरींभोवती पाच पट्टे आखले. विहिरीच्या सर्वांत जवळच्या पट्ट्यात नव्या घरांना परवानगी नव्हती आणि जसजसे दूर जावे तसतसे नियम सैल होत. म्हणजे आधी पाण्याची जागा ठरली आणि मग घरांची. याउलट किरिबास या देशाच्या दक्षिण तारावा भागात, जिथल्या भूजलावर राजधानी जगते ती जमीन सरकारने राखीव केली, मूळ मालकांना भाडे दिले, तरीही वस्ती वाढत गेली आणि डुकरांचे गोठे व शौचालये त्या पाण्याच्या जवळ आली. कागदावरची रेषा आणि जमिनीवरची वस्ती यांतील हे अंतर आपल्याला परके नाही.

आपल्या शहरात याचे चांगले उदाहरणही आहे. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, ज्याचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषवले, टिळकवाडीत मोठी विहीर खोदली गेली आणि ती काँग्रेस विहीर म्हणून आजही उभी आहे. शहरातील अनेक जुन्या विहिरी साफ करून त्यांचे पाणी पुन्हा वापरात आणले गेले. तेव्हा बिल्डरला सांगावे, की आडावर लोखंडी जाळी आणि झाकण बसवून तो पार्किंगच्या कोपऱ्यात येईल असा नकाशा करावा, गच्चीचे पावसाचे पाणी गाळणीतून त्यात सोडावे आणि शौचालयाची वाहिनी त्यापासून दूर, पक्क्या जोडणीने गटारवाहिनीला जोडावी. करारनाम्यात हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. आडाचे पाणी तपासल्याशिवाय पिऊ नये, पण धुणे, भांडी आणि शौचालय यांसाठी ते पुरले तरी अर्धा भार हलका होतो.

प्रश्न : आमच्या गावाजवळ मुरूम काढून पडलेली जुनी खाण आहे. तिच्यात कचरा टाकून ती भरून घ्यावी, असा ठराव पंचायतीत येणार आहे. मी काय भूमिका घ्यावी?
— एक ग्रामपंचायत सदस्य, बेळगाव तालुका

उत्तर : विरोध करावा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तुवालूच्या फुनाफुती बेटावर धावपट्टी केली आणि त्यासाठी त्याच बेटातून प्रवाळ खोदला. युद्ध संपले, खड्डे राहिले. त्यांत खारे पाणी आणि कचरा साचला आणि त्यांच्या काठावर माणसे घरे बांधून राहिली. ते खड्डे न्यूझीलंडच्या मदतीने वाळूने भरायला 2015 उजाडले. मालदीवमध्ये 1992 पासून थिलाफुशी येथे खाडीत कचरा टाकून बेटच तयार केले गेले आणि त्याच्या धुराचे लोट वर्षानुवर्षे लांबून दिसत. आपल्या खाणीचा तळ मुरमाचा आहे, म्हणजे कचऱ्यातून निथळणारे काळे पाणी सरळ आसपासच्या बोअरमध्ये जाईल. ओला कचरा गावातच कुजवून खत करावे आणि खाणीत पावसाचे पाणी साठू द्यावे.

प्रश्न : आमचे गाव कृष्णेच्या काठी आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरात घरे गेली. दर वेळी गाव उंचावर हलवण्याची चर्चा होते. बेटांवरचे लोक हलतात का? हललेल्यांचे पुढे काय होते?
— एक निवृत्त शिक्षक, चिकोडी तालुका

उत्तर : गुरुजी, हलतात, पण मनाविरुद्ध, आणि शेवटचा उपाय म्हणून. किरिबासने 2014 मध्ये फिजीत जमीन विकत घेतली. तुवालूने 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला आणि त्यानुसार वर्षाला 280 नागरिकांना तिथे राहण्याचा हक्क मिळतो. सुमारे 11,000 लोकसंख्येच्या देशासाठी हा आकडा लहान नाही. त्याच वेळी तुवालूने फुनाफुतीच्या किनाऱ्याला सुमारे 7 हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने 17 एकर, उंच जमीन नव्याने भरून घेतली. जाण्याची वाट मोकळी ठेवून राहण्याची धडपड ते सोडत नाहीत.

आपल्या गावाशी जवळचे उदाहरण फिजीतील वुनिदोगोलोआ या खेड्याचे आहे. भरतीचे पाणी घरांत येऊ लागल्यावर हे गाव 2014 मध्ये सुमारे 2 किलोमीटर आत, उंचावर हलवले गेले. नवी जागा त्यांच्याच कुळाच्या जमिनीत होती, त्यामुळे शेजार तुटला नाही आणि मालकीचा वाद झाला नाही. घरांसाठी लाकूड गावाने आपल्याच जंगलातून दिले. पूर्वजांच्या थडग्यांची जागा मागे राहिली, याचे दुःख वडीलधाऱ्यांना झाले. आणि एक गोष्ट अशी, की नव्या घरांच्या आराखड्यात स्वयंपाकघरच नव्हते, कारण आराखडा करताना बायकांना कोणी विचारले नव्हते.

आपल्याकडे नव्या वसाहतीचा नकाशा ग्रामसभेत येईल तेव्हा आधी बायकांना आणि गुरे राखणाऱ्यांना तो वाचून दाखवावा. चूल कुठे, गोठा कुठे, वैरणीची गंज कुठे, मळ्याकडे जाणारी वाट किती लांब, ग्रामदैवताची यात्रा कुठल्या रस्त्याने निघणार, हे प्रत्येक घराने त्या नकाशावर पेन्सिलने मांडून पाहावे आणि ज्या घराला जागा सापडणार नाही, त्याने ते सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.